आई-बाबा अमेरिकेला निघालेत: विमा इथला, तिथला, की नकोच?

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना 45 पैशांत मिळतो तोही प्रवास विमा, आणि सहा महिने न्यू जर्सीला लेकीकडे राहायला निघालेल्या सत्तरीच्या आई-बाबांसाठी हजारो रुपये मोजून काढतात तोही प्रवास विमाच. त्यामुळे ‘घ्यावा का?’ असं कुणी मोघम विचारलं की मी उलट विचारतो: जाताय कुठे, वय किती, आणि तिथे आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं तर ते बिल स्वतःच्या खिशातून भरता येईल का? भरता येत असेल तर विमा ही सोय आहे. येत नसेल तर ती गरज आहे. बॅग हरवणं, विमान चुकणं हे त्रासाचं असतं, पण त्यापायी कुणाला घर विकावं लागत नाही.

सोपं आधी उरकून घेऊ. रेल्वेचा 45 पैशांचा विमा डोळे मिटून घ्यावा. अपघाती मृत्यूला 10 लाख, जखमी होऊन दवाखान्यात राहावं लागलं तर 2 लाखांपर्यंत. रेल्वे दावा न्यायाधिकरणामार्फत मिळणारी भरपाई (मृत्यूसाठी 8 लाख) याहून वेगळी. फक्त तिकीट काढल्यावर येणाऱ्या लिंकवर जाऊन वारसाचं नाव भरा. ते बहुतेक जण भरत नाहीत.

देशातल्या देशात फिरायला वेगळा विमा मी घेणार नाही. घरची मेडिक्लेम पॉलिसी केरळात चालते तशी काश्मिरातही चालते. अपवाद हिमालयातल्या ट्रेकचा. तिथे हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च मेडिक्लेममध्ये बसेलच असं नाही. ट्रेकसाठी पॉलिसी घ्यायचीच तर त्यात किती उंचीपर्यंत संरक्षण आहे ते आधी बघा. एव्हरेस्ट बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे आणि पुष्कळ पॉलिसी त्याच्या बऱ्याच खाली थांबतात.

युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे, त्यामुळे घ्यावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. थायलंड, बालीला पॉलिसी स्वस्त मिळते, म्हणून घेऊन टाकावी. पण तिथे भाड्याची स्कूटर चालवणार असाल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. वैध परवान्याशिवाय गाडी चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारते, आणि अशा ठिकाणी पर्यटकांचे हातपाय मोडतात ते बहुधा स्कूटरवरूनच पडून.

खरा पेच अमेरिकेचा.

विमा न घेता गेलं तर?

पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही, म्हणून ‘मुलगा आहे ना तिथे’ म्हणून बरेच जण तसेच जातात. पण मुलाच्या कंपनीचा आरोग्य विमा सहसा बायको-मुलांपुरता असतो, आई-वडील त्यात बसत नाहीत. ग्रीनकार्ड घेऊन गेलेल्या ज्येष्ठांनाही मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) विकत घ्यायला आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. 1986च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला पैशांचं न विचारता रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं, हे खरं. मात्र उपचार फुकट नसतात, बिल नंतर घरी येतं. त्यावर घासाघीस करता येते. धर्मादाय रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, त्याखाली अर्जही करता येतो. पण हे सगळं छातीत कळ येऊन गेल्यावरचं, आणि तेव्हा ते निस्तरत बसणार मुलगा.

इथून घेतलेला

प्रीमियम रुपयांत, एजंट ओळखीचा, बॅग-पासपोर्टचंही थोडंफार संरक्षण. शिवाय वाद झाला तर विमा लोकपालाचं कार्यालय मुंबई-पुण्यात आहे आणि तिथे 50 लाखांपर्यंतची तक्रार विनाशुल्क चालते. हा फायदा लहान नाही. पण पॉलिसी भारत सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते, आणि मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी. साठीपुढच्यांसाठी खरी मेख उपमर्यादांत असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात एक लाख डॉलर, आत बारीक अक्षरात खोलीचं भाडं दिवसाला अमुक, सर्जनची फी तमुक. या मर्यादा नसलेली पॉलिसी मिळते, थोडी महाग पडते. घ्यायची तर तीच. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांसाठी सहसा जीव धोक्यात असेल तेव्हाच, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंतच, पैसे मिळतात.

तिथला घेतलेला

यात दोन जाती आहेत. नावं सारखीच वाटतात, म्हणून फसगत होते. पहिली ठरावीक रकमेची: प्रत्येक उपचाराला किती डॉलर मिळणार याचं कोष्टक छापलेलं असतं. स्वस्त असते. दुसरी सर्वसमावेशक: ठरलेलं डिडक्टिबल, म्हणजे बिलातली सुरुवातीची ठरावीक रक्कम, तुम्ही भरता, पुढच्या पहिल्या काही हजार डॉलरांतला थोडा वाटा तुमचा, त्यानंतर पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत सगळं कंपनीचं.

समजा बिल आलं 40,000 डॉलर. सर्वसमावेशक योजनेत डिडक्टिबल 250, आणि पुढच्या 5,000 मधले 20 टक्के म्हणजे 1,000. तुमच्या खिशातून 1,250. पहिल्या जातीत कोष्टकाप्रमाणे एकूण 9,000 बसले तर उरलेले 31,000 तुमचे. प्रीमियममधला फरक या आकड्यांशेजारी ठेवून बघा. लांबच्या मुक्कामाला मी दुसरीच घेईन, आणि प्रीमियम झेपत नसेल तर कोष्टकवाली न घेता डिडक्टिबल वाढवून घेईन. हजार-दोन हजार डॉलर मुलगा भरू शकतो. तीस हजार भरायचे म्हणजे त्याचीही ओढाताण होते.

तिथली पॉलिसी पोचल्यावरही काढता येते आणि रुग्णालयं तिथल्या विमा कंपन्यांच्या नेटवर्कला सरावलेली असतात. जुन्या आजाराचं कलम मात्र इथेही नीट वाचावं लागतं. बहुतेक योजना जुन्या आजाराचा अचानक झालेला झटका धरतात, हळूहळू बळावलेलं दुखणं धरत नाहीत. झटक्यानंतर साधारण 24 तासांत उपचार घेतलेले असावे लागतात, आणि सत्तरीनंतर किंवा ऐंशीनंतर हे संरक्षण कमी होतं वा बंदच होतं. साखरेची नेहमीची तपासणी, गुडघेदुखी, रोजच्या गोळ्या कशातच नाहीत. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इथूनच न्या.

फॉर्ममध्ये ‘बीपी लिहू नका, प्रीमियम वाढतो’ असं सांगणारा एजंट भेटला तर एजंट बदला. इमर्जन्सीत तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, कोणते आजार आहेत? आई प्रामाणिकपणे सांगते, बीपी आहे, बारा वर्षं झाली. ते कागदावर येतं, आणि पुढे क्लेम तपासणारा माणूस तोच कागद वाचतो.

मग माझं मत काय? तीन आठवड्यांची टूर असेल, प्रकृती ठणठणीत असेल, तर इथली, उपमर्यादा नसलेली. चार-सहा महिने राहणार असतील तर तिथली सर्वसमावेशक. ऐंशीच्या पुढे पर्याय फारच आक्रसतात. प्रीमियम चढतो, रक्कम उतरते, झटक्याचं कलमही जवळपास जातं. बायपास झालेले, हृदय नाजूक असलेले ब्याऐंशीचे आजोबा असतील, तर कोणती पॉलिसी हे शोधत बसण्याऐवजी त्या पैशांत नातवंडांनीच इकडे यावं, असं मी स्पष्ट सांगतो. घरात वाईटपणा येतो, येऊ दे.

बाकीच्या गोष्टींपायी पॉलिसी निवडू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली तर माँट्रियल करारानुसार विमान कंपनीच 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलरांपर्यंत जबाबदार असते. प्रवास रद्द झाल्याचे पैसे ठरावीक कारणांनाच मिळतात. व्हिसा नाकारला गेला हे कारण बहुतेकदा त्यात नसतं. क्रेडिट कार्डावरचा फुकट विमा अनेकदा विमान अपघातापुरता, आणि तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असेल तरच.

पॉलिसी निघाली की तिची प्रत आणि मदत क्रमांक अमेरिकेतल्या मुलाच्या किंवा लेकीच्या फोनमध्ये पाठवून द्या. रुग्णालयात भरती झाल्यावर कंपनीला किती तासांत कळवायचं हे पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि तो फोन आई-बाबा करणार नाहीत.