होल्मेगार्डची चोचीची फुलदाणी: एका फुलापुरती, पण वापरण्यासारखी

या फुलदाणीत गुच्छ मावत नाही, हे आधीच सांगते. एक काडी, फार तर दोन. भरगच्च फुलं मांडायची हौस असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. पण एका फुलावर समाधान होत असेल, तर होल्मेगार्ड या डॅनिश काच कारखान्याचे डिझायनर पेर ल्युटकेन यांच्या या घाटाइतका देखणा घाट मी तरी काचेत पाहिलेला नाही.

माझ्याकडची धुरकट राखाडी आहे, 1950च्या दशकातली. वीतभरही उंच नाही, पण उचलली की वजन हातात भरतं. बुडाशी काच चांगली जाड आहे. वर जाताना ती पातळ होत जाते आणि तिच्याबरोबर रंगही उतरत जातो. तळाशी दाट राखाडी, काठाशी जवळजवळ पाण्याचा रंग. यात दोन रंगांची काच नाही. काच एकच, जाडी बदलते म्हणून छटा बदलते. मागून उजेड येईल अशा जागी ठेवा, नाहीतर निम्मं सौंदर्य दिसतच नाही.

खरी कमाल तोंडाची. ते मधोमध नाही. एका बाजूला ओढलेलं, पुढे झुकलेलं. काच तापून मऊ असतानाच तोंड उघडायचं आणि पुढचं बरंचसं काम तिच्याच वजनावर सोडायचं, म्हणजे ही चोच येते. त्यामुळे एकाच घाटाच्या दोन फुलदाण्या शेजारी ठेवल्या तरी चोची तंतोतंत जुळत नाहीत. काठावरून बोट फिरवलं तर कुठे धार लागत नाही, कारण तो घासलेला नाही, आगीतच गोल झालेला आहे. फूलही त्या झुकावाकडे आपोआप कलतं, मांडणीची खटपट उरत नाही.

ल्युटकेन 1942 साली आधीचे डिझायनर जेकब बँग यांच्या जागी होल्मेगार्डला आले आणि 1998मध्ये वारले तोवर तिथलेच राहिले. बँग यांची रेषा हिशेबी आणि नेमकी. ल्युटकेननी काचेला वाहू दिलं. दोन्ही मला आवडतात, पण हातात घ्यावीशी वाटते ती दुसरी. हा डॅनिश कारखाना 1825चा, झीलंड बेटावर नेस्तवेदजवळ, दलदलीच्या कडेला. भट्टीला जळण म्हणून त्या दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती, मिळे. आता तिथे संग्रहालय आहे.

विकत घेताना फुलदाणी उलटी करून बघा. बुडावर हिऱ्याच्या टोकाने कोरलेली सही असते. कारखान्याच्या नावाबरोबर सालाचे चार आकडे आणि त्यांच्या मधोमध पीएल ही ल्युटकेन यांची आद्याक्षरं: आधी 19, मग पीएल, मग 55. साठच्या दशकात साल लिहिणं बंद झालं आणि त्याजागी क्रमांक आला, म्हणून सालाच्या सहीला संग्राहक जास्त मान देतात. बुडावर बारीक, वेड्यावाकड्या रेघा हव्यात. इतकी वर्षं टेबलावर सरकलेली वस्तू अगदी गुळगुळीत असेल तर बुड नव्याने पॉलिश केलंय का, हे विचारा. सगळ्या रेघा एकाच दिशेने असतील तर त्या मुद्दाम पाडलेल्या असू शकतात, सरळ सोडून द्या.

विक्रेत्याने माझी ‘निर्दोष’ म्हणून दिली आणि आत पांढरट साय निघाली. फोटोत ती दिसत नाही, कारण ओल्या काचेत ती लपते. कोरडी करून, आत टॉर्च मारून काढलेला फोटो मागवा. माझ्या नशिबाने ते क्षारच होते. पाणी घातलेलं व्हिनेगर रात्रभर ठेवल्यावर निघून गेले. काचच खराब झाली असती तर व्हिनेगरचा काही उपयोग नव्हता. चोचीच्या अरुंद तोंडातून ब्रश नीट वळत नाही, ही मात्र खरी उणीव आहे. पाणी रोज बदलणं हाच त्यावर उपाय. गरम पाणी अजिबात घालू नका: इतक्या जाड काचेत आतला थर आधी फुगतो, बाहेरचा मागे राहतो, आणि तडा जातो. डिशवॉशरचं नावही नको.

राखाडी घ्यावी की फिकट निळी? नुसती मांडून ठेवणार असाल तर निळी, ती लांबूनही उठून दिसते. फुलं ठेवणार असाल तर राखाडीच घ्या, तिच्यात देठाचा हिरवा रंग बदलत नाही.