थायलंडच्या शाळेची ऑफर: पगाराचा आकडा शेवटी वाचा

इंग्रजी शिकवायला थायलंडला या, अशा ऑफरी भारतीय उमेदवारांकडे तीन वाटांनी येतात: थेट शाळेकडून, बँकॉकच्या प्लेसमेंट एजन्सीकडून किंवा खासगी लँग्वेज सेंटरकडून. पहिला कागद तिघांचाही सारखाच असतो. वर लोगो, मध्ये पगार ठळक अक्षरांत आणि खाली ‘व्हिसा व वर्क परमिटसाठी सहकार्य केले जाईल’ अशी एक मोघम ओळ. पगार सगळ्यांना दिसतो, पण खरी गोम त्या मोघम ओळीत असते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. थेट शाळेची बारा महिन्यांची ऑफर दोन-तीन हजार बाटांनी (बाट हे थायलंडचं चलन) कमी असली तरी घ्यावी. एजन्सीची दहा महिन्यांची ऑफर फार तर पहिल्या वर्षापुरती, तीही करार ओळ न् ओळ वाचून. लँग्वेज सेंटर पहिली नोकरी म्हणून नकोच. तिथे पैसे बहुधा तासावर मिळतात, तास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतात, आणि महिन्याला किमान किती तास मिळतील हे क्वचितच लिहून दिलेलं असतं.

आता हिशेब. एजन्सी महिना २५,००० बाट देते, पण दहा महिने. म्हणजे वर्षाचे २,५०,०००. शाळा २२,५०० देते, पण बारा महिने. म्हणजे २,७०,०००. थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होऊन मार्चमध्ये संपतं, मधे ऑक्टोबरची सुट्टी. दहा महिन्यांच्या करारात नेमकी उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी जाते. वर करार संपला की त्यावर मिळालेली राहण्याची मुदतही संपते. त्या दोन महिन्यांत खोलीचं भाडं मात्र चालूच राहतं.

भाड्याचंही आधीच धरून ठेवा. घरमालक बहुधा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं मागतात. ६,००० बाटांची खोली घ्यायची तर पहिल्याच दिवशी १८,००० हातात हवेत, आणि पहिला पगार महिनाअखेरीला. वीज मालकाच्या मीटरवर असेल तर युनिटचा दर सरकारी दरापेक्षा चढा असतो. खोली बघतानाच विचारून घ्या. घरभत्ता देणारी ऑफर म्हणूनच कागदावर दिसते त्यापेक्षा मोठी असते.

जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच, असं असेल तर तिथे वेळ घालवू नका. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलात तरी भारतीय पासपोर्ट ‘नॉन-नेटिव्ह’ रकान्यातच जातो, आणि त्या रकान्याचा पगार वेगळा असतो. शाळा बहुधा टोईक या इंग्रजीच्या परीक्षेचे ९९० पैकी ६०० गुणही मागतात. राग येण्यासारखंच आहे, पण घासाघीस करून रकाना बदलत नाही. घासाघीस करायची तर महिने, घरभत्ता आणि व्हिसाचा खर्च यांवर करा. बी.एस्सी. असाल तर आणखी एक दार उघडं आहे: इंग्लिश प्रोग्रॅम चालवणाऱ्या शाळांना इंग्रजीतून गणित आणि विज्ञान शिकवणारे हवे असतात. तिथे उच्चारापेक्षा विषयाला किंमत आहे.

आता ती मोघम ओळ. सरळ मार्ग असा: शाळेची कागदपत्रं जोडून भारतातूनच नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीच्या, व्हिसाचा अर्ज करायचा, तो ऑनलाइन होतो. व्हिसावर ९० दिवस मिळतात. त्या मुदतीत शाळा तुमच्यासाठी शिकवण्याचा तात्पुरता परवाना मिळवते, मग वर्क परमिट, मग करार संपेपर्यंतची मुदतवाढ, जिची फी १,९०० बाट. परवाना देणाऱ्या संस्थेचं नाव खुरुसभा. म्हणजे आपली गुरुसभाच. थाई शिक्षकाला ‘आजान’ म्हणतात, तोही आपला आचार्यच. बी.एड. असेल तर ते पहिल्याच ईमेलमध्ये सांगा, परवान्याच्या कामी त्याला वजन आहे.

एजन्सी हमखास सुचवते तो मार्ग वेगळा: ‘भारतीयांना पर्यटक म्हणून बिनव्हिसा प्रवेश आहे, तुम्ही या तर खरं, कागदपत्रं इथे आल्यावर करू.’ ही सवलत १० नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाली आणि तिच्या अटी नंतर बदलत गेल्या, पण ती कधीच नोकरीसाठी नव्हती. देशात आल्यावर व्हिसाचा प्रकार बदलता येतो, त्याला २,००० बाट लागतात, मात्र हातात पुरेसे दिवस उरलेले असावे लागतात. एजन्सीने चालढकल केली की दिवस संपतात आणि शिक्षक दर थोड्या दिवसांनी सीमेवर चकरा मारत बसतो. वर्क परमिटशिवाय वर्गात उभं राहिल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हद्दपारी, असा कायदा आहे. आणि ती हद्दपारी एजन्सीच्या वाट्याला येत नाही.

म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा: वर्क परमिटवर मालक म्हणून कोणाचं नाव असेल आणि कामाचं ठिकाण म्हणून कोणत्या शाळेचं? परमिट मालकाशी आणि ठिकाणाशी बांधलेलं असतं. एजन्सी एका शाळेच्या नावावर परमिट काढून दुसऱ्याच शाळेत पाठवत असेल, तर तपासणीत अडकणार तुम्ही. नोकरी सुटली की मुदतवाढही त्याच दिवशी संपते. त्यामुळे मालक कोण, हा प्रश्न पगाराच्या आधीचा.

कपातीच्या ओळीत ‘३ टक्के’ दिसले तर कशाचे ते विचारा. नोंदणीकृत खासगी शाळेत शिक्षकाच्या कल्याण निधीत ३ टक्के जातात आणि शाळाही आपला वाटा घालते. ते चांगलं लक्षण. पण एजन्सीच्या पावतीवर तेच ३ टक्के ‘कर’ म्हणून कापलेले असतात, याचा अर्थ तुम्हाला नोकर नव्हे तर कंत्राटदार धरलंय. वर्षाला २,७०,००० बाट पगार असेल तर १,००,००० ची खर्चवजावट आणि ६०,००० ची वैयक्तिक सूट गेल्यावर उरतात १,१०,०००, आणि पहिल्या १,५०,००० वर कर शून्य. म्हणजे पगारदार म्हणून करापोटी एक बाटही कापायचं कारण नाही.

करारात ११९ दिवसांचा प्रोबेशन दिसला तर तो आकडा उगाच आलेला नाही. थाई कामगार कायद्यात १२० दिवस भरले की काढून टाकताना ३० दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. प्रोबेशन त्याच्या आदल्या दिवशी संपतो. एवढ्यासाठी ऑफर नाकारू नका, पण त्यासोबत ‘आधी सोडल्यास दंड’ असं कलम असेल तर ते काढायला लावा. कराराच्या थाई आणि इंग्रजी प्रती जुळतात का, हे कोणाकडून तरी वाचून घ्या.

कामाच्या तासांत ‘आठवड्याला २० तासिका’ एवढंच लिहिलेलं असतं. शाळेत मात्र सकाळी साडेसातला गेटवर, आठला झेंडावंदनाला आणि चारनंतरच सुटका. वर शनिवारचे इंग्लिश कॅम्प. त्यांचे पैसे वेगळे आहेत का, ते विचारा.

इकडची तयारी. महाराष्ट्रातल्या कागदांची खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गोंधळ दुप्पट. परदेशी कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. विद्यापीठाचं पत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. प्रोव्हिजनल नव्हे, पदवीचं प्रमाणपत्रच हवं. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत मिळतं. मूळ प्रमाणपत्रं एजन्सीच्या ताब्यात ठेवायची नाहीत.

भारतातला एजंट मध्ये असेल तर तो ई-मायग्रेट या परदेशी नोकऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या बनावट नोकऱ्यांबद्दल इशारा दिला; त्यात माणसं बँकॉकहून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेली जात होती. त्या नोकऱ्या आयटीच्या नावाने होत्या, पण सापळा कोणत्याही नावाने लागतो. शाळेचं नाव न सांगता तिकीट आधीच पाठवणारा, किंवा विमानतळावरून थेट म्यानमारच्या सीमेवरच्या मे सोत गावाकडे नेणारा कोणीही शाळेचा नसतो.

सगळं जमलं आणि दिवाळीला घरी यायचं असेल, तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढा: एका फेरीचं १,००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३,८००. ते न काढता देश सोडला की मुदतवाढ रद्द, आणि परत आल्यावर व्हिसापासून सगळं नव्याने. हा खर्च कोणी करायचा, हे बहुतेक करारांत नसतं. नसलं की तो तुमचा.