ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ की प्रोसेसर? मराठवाड्यातल्या गिटारिस्टनं आधी काय घ्यावं

पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायानं चालू-बंद करायची डबी. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही चढत्या क्रमानं आवाज खरखरीत करणारी पेडलं, तर प्रोसेसरमध्ये अनेक इफेक्ट एकाच डबीत असतात. पेडलची तुलना करणारे बहुतेक व्हिडिओ बंद खोलीत, चांगल्या गिटार अँपसमोर (गिटारच्या अँप्लिफायर-स्पीकरसमोर) माइक ठेवून केलेले असतात. त्यात ऐकू येणारा आवाज निम्मा पेडलचा असतो आणि निम्मा त्या अँपच्या स्पीकरचा. आपल्याकडे लातूरचा गणेशोत्सव असो, 14 एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम असो की परभणीतलं एखादं मंगल कार्यालय, स्टेजवर गिटार अँप क्वचितच दिसतो. साऊंडवाला जॅक पुढं करतो आणि गिटार थेट मिक्सरमध्ये जाते. पेडल निवडताना ही गोष्ट सगळ्यात आधी धरावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिच्यामुळं कोणतं पेडल चांगलं याची उत्तरंच बदलतात.

गिटार अँपमधला 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज बराचसा गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमधून निघणारी करकर तिथंच मरते. पीएचे (कार्यक्रमाच्या साऊंड सिस्टिमचे) स्पीकर मात्र शिट्टीपर्यंतचं सगळं इमानदारीनं बाहेर फेकतात. म्हणून व्हिडिओत भरदार वाटलेलं पेडल मैदानात पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं ऐकू येतं.

ओव्हरड्राइव्हपासून सुरू करू. इथं दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर (1979 पासून) आणि बॉसचं पिवळं एसडी-1 (1981). दोन्हींत आवाजाच्या लाटेची टोकं हळुवार कापली जातात, कारण कापणारे डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे छोटे भाग) थेट ग्राउंडला न जोडता अँप्लिफायर चिपच्या फीडबॅकमध्ये बसवलेले असतात. त्यामुळं मूळ सूर खाली शाबूत राहतो. मायनर किंवा सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) पूर्ण वाजवला तरी त्यातले सूर वेगवेगळे कळतात. बोट हलकं ठेवलं की आवाज स्वच्छ, जोरात मारलं की खरखरीत. ट्यूब स्क्रीमर खालचा बेस कापतं आणि 720 हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग वर काढतं. घरी एकट्यानं वाजवताना हे नाकात बोलल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळ जण तेवढ्यावरून ते नापसंत करतात. पण ऑर्केस्ट्रात खालची जागा ढोलकीच्या धूमनं आणि बेसनं घेतलेली असते, वरची ऑक्टोपॅड आणि झांजांनी. गिटारला मोकळी उरते ती हीच मधली पट्टी. गाण्यातली मींड ओढताना सूर लांबवर टिकतो, आणि समोरच्या गर्दीला ती मींड ऐकूही जाते. दोन्हींत फरक एवढाच की एसडी-1 लाटेची वरची आणि खालची बाजू असमान कापतं, त्यामुळं त्याचा पोत जरा उघडा, जरा खडबडीत लागतो. पैसे कमी असतील तर एसडी-1 घ्या, कमीपणा काही नाही. बेहरिंजर आणि जोयोची काही स्वस्त ओव्हरड्राइव्हही ट्यूब स्क्रीमरच्याच सर्किटवर बेतलेली आहेत. फक्त बेहरिंजरची डबी प्लॅस्टिकची आहे, स्टेजवर पाय जरा जपून ठेवावा लागतो.

डिस्टॉर्शनमध्ये बॉस डीएस-1 (1978) हे नारिंगी पेडल बहुतेकांच्या मनात पहिलं येतं. कर्ट कोबेन ते वापरायचा, एवढं कारण अनेकांना पुरतं. यात डायोड ग्राउंडला जोडलेले, त्यामुळं लाट सपाट कापली जाते. फक्त षड्ज-पंचम धरून वाजवलेले पॉवर कॉर्ड यात दणदणीत लागतात, पूर्ण कॉर्ड मात्र गढूळ होतो. थेट मिक्सरमध्ये टाकायला मी डीएस-1 सुचवणार नाही. त्याचा मधला भाग खोलगट आणि वरचा तिखट आहे. टोनचा नॉब मागे घेतला तर करकर कमी होते, पण गिटार गर्दीत बुडून जाते.

प्रोको रॅटही त्याच काळातलं, अमेरिकेतल्या मिशिगनमधलं. तेही डायोड ग्राउंडला जोडूनच कापतं, पण त्याच्या ‘फिल्टर’ नॉबमुळं आपल्या परिस्थितीत ते फार पुढं जातं. हा नॉब उलटा चालतो: उजवीकडं फिरवत नेला की वरचा आवाज कमी होत जातो. अँपशिवाय वाजवताना तो अर्ध्याच्या पुढं ठेवा. स्पीकरनं करायचं गाळण्याचं काम बरंचसं तोच करतो. डिस्टॉर्शनचा नॉब कमी करून हे पेडल ओव्हरड्राइव्हच्या जवळ नेता येतं. एकाच पेडलमध्ये रॉक आणि साधं गाणं दोन्ही हवं असेल तर डीएस-1पेक्षा रॅटला माझी पसंती.

फझवर माझं मनापासून प्रेम आहे, तरी पहिलं पेडल म्हणून नको. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफमध्ये सूर संपायचं नावच घेत नाही, एकट्या गिटारच्या संथ आलापीला तो आवाज भव्य वाटतो. पण 1 किलोहर्ट्झच्या आसपास त्यात खड्डा आहे, आणि नेमकी तिथंच गायकाच्या आणि कीबोर्डच्या गर्दीत गिटार हरवते. जिमी हेंड्रिक्समुळं गाजलेलं फझ फेस (1966) ही वेगळीच जात. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की ते जवळजवळ स्वच्छ होतं, असं दुसरं फार कमी पेडल करतं. मात्र सुरुवातीची फझ फेस जर्मेनियम ट्रान्झिस्टरची होती, आजही तशी मिळतात, आणि जर्मेनियमला उन्हाळा सोसत नाही. तापमान 10 अंशांनी चढलं की त्यातली करंटची गळती जवळपास दुप्पट होते, बायस (ट्रान्झिस्टरची कामाची जुळवणी) सरकतो, आवाज तुटक आणि कोंडल्यासारखा होतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो. दुपारी साऊंड चेकला उन्हात ठेवलेलं पेडल रात्री थंड झाल्यावर वेगळंच वाजेल. फझ घ्यायचंच तर सिलिकॉनचं घ्या. आवाज थोडा तीक्ष्ण, पण सकाळ-संध्याकाळ सारखा.

कोरस आणि फेझर (आवाजाला लहर देणारी पेडलं) सावकाश घेतले तरी चालतात. वाह पेडल (पायानं आवाज उघड-मीट करणारं) पायाच्या सवयीचं काम आहे, ते हौसेनं घ्यावं.

डिलेबद्दल (सुराचा प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलबद्दल) मात्र सांगायलाच हवं. अॅनालॉग डिलेत प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मंद आणि धूसर होत जातो. एमएक्सआरच्या कार्बन कॉपीत तो जास्तीत जास्त 600 मिलिसेकंदांचा. डिजिटलमध्ये प्रतिध्वनी मूळ सुराइतकाच लख्ख येतो. गाण्यामागं वाजवायचं असेल तर धूसर बरा, गायकाच्या आड येत नाही. लयीत ठोके हवे असतील तर डिजिटल: 60,000 ला मिनिटातल्या मात्रांनी भागा, म्हणजे 120 च्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. उघड्या मैदानावर समोर 50 मीटरवर इमारत असेल तर तिच्यावरून आवाज सुमारे 300 मिलिसेकंदांनी परततोच. तिथं रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) बंद आणि डिले कमी ठेवावा. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात तर रिव्हर्बला हातच लावू नये.

आता प्रोसेसर. जाणकार गिटारिस्ट नाक मुरडतात, पण अँपशिवाय वाजवणाऱ्याला झूम जी1 फोरसारखा छोटा प्रोसेसर सुट्या पेडलपेक्षा जास्त कामाचा आहे. त्यात अँप आणि स्पीकर कॅबिनेटची नक्कल असते, म्हणजे मिक्सरकडं जाणारा आवाज आधीच गाळलेला. एका वेळी पाच इफेक्ट लावता येतात. चार पेन्सिल सेलवर तो चालतो, हे तालुक्याच्या गावी कार्यक्रम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. उणीव अशी की सेटिंग मेनूत शिरून बदलावी लागते. गाणं चालू असताना वाकून नॉब फिरवण्याची सोय सुट्या पेडलचीच. घरी हेडफोनवर बसवलेल्या पॅचचे (साठवलेल्या सेटिंगचे) व्हॉल्यूमही पीएवर हमखास कमीजास्त निघतात, ते साऊंड चेकलाच जुळवून घ्या.

सुटं पेडलच घ्यायचं ठरलं असेल, तर मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटचा विचार करा. गिटारचा पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) त्याला सरळ जोडला की वरचे सूर दबतात. बॉसच्या पेडलमध्ये बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असतो, ते बंद असतानाही सिग्नल सांभाळतं. ट्रू बायपासवालं पेडल बंद असताना नुसती वायर असते, त्यामुळं त्याच्यापुढं डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लागतो. साऊंडवाल्याकडं तो आहे का, हे सुपारी घेतानाच विचारावं.

वीजही बघा. बहुतेक पेडल 9 व्होल्टची, अॅडॉप्टरच्या पिनचं आतलं टोक निगेटिव्ह. कीबोर्डचा अॅडॉप्टर भोकात बसतो म्हणून लावू नका. त्याची उलटी पिन किंवा 12 व्होल्ट पेडल जाळू शकतात. जनरेटरवर स्वस्त अॅडॉप्टर गुणगुणायला लागला की ओव्हरड्राइव्ह ती गुणगुणही वाढवून देतं. अशा वेळी 9 व्होल्टची बॅटरी घाला. ओव्हरड्राइव्हला मोजके मिलिअँपिअर लागतात, ते अनेक कार्यक्रम काढतं. डिजिटल डिले 50-60 मिलिअँपिअर खातो, त्याच्यासाठी चांगला अॅडॉप्टरच हवा. आणि वाजवून झालं की इनपुटचा जॅक काढून ठेवा, कारण तो आत असेपर्यंत पेडल बंद असलं तरी बॅटरी उतरत राहते.