३४ पोरं, एक मोबाईल आणि कागदाची कार्डं : वर्षभर प्लिकर्स वापरल्यावर

प्लिकर्स हे ॲप मी गेल्या जूनपासून पाचवीच्या वर्गात वापरतेय, जास्त करून गणिताला आणि अधूनमधून परिसर अभ्यासाला. आता वर्ष होत आलं म्हणून नीट सविस्तर लिहिते, कारण शिक्षकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की पोरांकडे ना टॅब ना मोबाईल, मग वर्गात ॲप वापरायचं तरी कसं. माझी शाळा जिल्हा परिषदेची, वर्गाचा पट ३४, आणि अख्ख्या वर्गात मोबाईल एकच, तो पण माझा. प्लिकर्सला तेवढाच लागतो, म्हणून तर मी त्याच्याकडे वळले.

नावातच सगळं आहे, पेपर आणि क्लिकर्स (म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायची यंत्रं) मिळून प्लिकर्स. प्रत्येक मुलाकडे कागदाचं एक कार्ड असतं, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, क्यूआर कोडसारखी दिसते पण जरा मोठी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. तुम्ही प्रश्न विचारायचा, मुलानं आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून समोर धरायचं, आणि तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर नावानिशी दिसायला लागतं, बरोबरला हिरवं, चुकीला लाल. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी त्यामुळे शेजारच्याचं बघून फिरवायची सोय नाही, आणि अक्षरं इतकी बारीक की पलीकडच्या बाकावरून वाचताच येत नाहीत.

आता मला हे इतकं का आवडलं ते सांगते. सोळा वर्षं शिकवतेय, आणि सोळा वर्षं "समजलं का?" विचारलं की "होऽऽऽ" ऐकतेय. पुढच्या बाकांवरची पाचसहा पोरं जोरात ओरडतात, बाकीची त्यांच्या सुरात सूर मिसळतात आणि आपण पुढच्या उदाहरणाला लागतो. ऑगस्टमध्ये अपूर्णांक शिकवून झाले, भाकरीचे तुकडे करून दाखवले, फळ्यावर आकृत्या काढल्या, होऽऽऽ पण झालं. मग प्लिकर्सवर एकच प्रश्न टाकला, १/२, १/३, १/४ आणि १/८ यातला सगळ्यात मोठा कोणता. ३२ पोरं हजर होती, ११ जणांचं बरोबर आलं आणि १७ जणांनी १/८ वर केलं. आठ मोठा म्हणून एक अष्टमांश मोठा, एवढं साधं त्यांच्या डोक्यात बसलेलं, आणि त्या १७ मध्ये दोन मुलं अशी होती की ज्यांना मी हुशार म्हणून विचारायचंच सोडून दिलं होतं. मी तिथेच थांबले, त्या दिवशी पुढचं काही घेतलंच नाही.

उत्तर लगेच सांगायचं नाही ही गोष्ट मी नंतर शिकले. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमाराला कॉलेजच्या पोरांसाठी ही पद्धत सुरू केली, आधी प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजारच्याला पटवून द्यायचं, मग परत उत्तर द्यायचं. पाचवीतल्या पोरांना पण ती चालते हो! शेजारी शेजारी बसून भांडतात अक्षरशः, "अगं आठ जणांत वाटली तर तुला बारका तुकडा नाही का येणार" असं आमच्या एका मुलीनं शेजारणीला सांगितलं ते माझ्या सगळ्या आकृत्यांपेक्षा भारी होतं, आणि दुसऱ्या फेरीत २५ जणांचं बरोबर आलं. फक्त एक बघा, पहिल्या फेरीत अगदीच तीनचार जणांचं बरोबर आलं असेल तर चर्चा नको, तेव्हा सरळ परत शिकवायचं, नाहीतर चुकीचंच एकमेकांना पटवतात.

कार्डांबद्दल जरा जास्त लिहिते कारण सुरुवातीला सगळे इथेच अडकतात. वेबसाईटवर कार्डांची पीडीएफ फुकट मिळते, ४० कार्डांचा संच आणि ६३ चा पण आहे. ४० च्या संचात एका पानावर दोन कार्डं म्हणजे २० पानांच्या प्रिंट काढायच्या, काळी शाई गडद हवी. मी पहिल्यांदा टिकावीत म्हणून हौसेनं सगळी लॅमिनेट करून आणली आणि ती चूक झाली, ट्यूबलाईटचा आणि खिडकीचा उजेड प्लॅस्टिकवर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसतच नाही. मग परत प्रिंट काढून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली, ती अजून चाललीयेत. पोरांना दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. कडेला धरायचं, काळ्यावर बोट आणायचं नाही. आणि कार्ड समोर वळवताना पुस्तकाचं पान उलटतो तसं आडवं वळवायचं, वरची बाजू खाली गेली की उत्तरच बदलतं आणि येत असून पोराला लाल मिळतं. हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला, तेवढ्यात एक मुलगा बिचारा रडवेला झाला होता.

कार्ड क्रमांकावर चालतं, नावावर नाही, त्यामुळे एकच संच सकाळी पाचवीला आणि दुपारी सातवीला वापरता येतो, आमच्या सातवीचे सर माझ्याकडूनच नेतात. मी ॲपमध्ये पोरांची पूर्ण नावं टाकलेली नाहीत, नुसते हजेरी क्रमांक टाकलेत. लहान मुलांची माहिती कुठेही भरताना एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

फुकटच्या खात्यात एका सेटमध्ये पाचच प्रश्न ठेवता येतात, जास्त हवे तर पैसे भरायचे. मला पाच पुरतात, तास ३५ मिनिटांचा, त्यात तीन प्रश्न नीट चर्चेसकट झाले तरी खूप झालं. पण घटक चाचणीसारखं वापरायचं असेल त्यांना हे अडचणीचं वाटेल. ॲपमधल्या सूचना इंग्रजीत आहेत, प्रश्न मात्र मराठीत टाईप करता येतात. इंटरनेट लागतं, म्हणून रेंजचा भरवसा नसेल तर तो तास दुसऱ्या कशावर काढायची तयारी ठेवा, मी अशा वेळी तीच कार्डं हातात वर धरायला लावून नुसत्या नजरेनं बघते, अक्षरं बारीक म्हणून त्यासाठी बाकांमधून फिरते.

सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे चार पर्यायांच्या बाहेर हे जातच नाही. भागाकार कसा केला, हातचा कुठे विसरला, हे वहीतच बघावं लागतं. आणि पर्याय विचार करून टाकले नाहीत तर सगळा खेळ वाया जातो. चुकीचे पर्याय कुठलेही नकोत, पोरं खरोखर करतात त्या चुका तिथे हव्यात. ०.५ मोठं की ०.२५ असं विचारलं की अर्ध्या वर्गाला पंचवीस मोठे वाटतात, असे प्रश्न शोधण्यात माझा रविवारचा तासभर जातो पण तो जायलाच हवा.

काहूट हे प्रश्नमंजुषेचं ॲपपण मी एका प्रशिक्षणात खेळलेय, मजा येते, पण तिथे प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता आणि पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळत होते. माझ्या वर्गात सावकाश विचार करणारी पोरं खूप आहेत, त्यांना कोणी घाई केलेली मला चालत नाही. दीक्षा हे सरकारचं शिक्षणाचं ॲप २०१७ मध्ये आलं, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ उघडतो, उजळणीला ते मी आवर्जून वापरते, फक्त कोणाला समजलं आणि कोणाला नाही ते व्हिडिओ सांगत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट सिम्युलेशन्सपण (स्क्रीनवर करून बघायचे गणित-विज्ञानाचे प्रयोग) बघा, बऱ्याच मराठीत आहेत, एकदा डाउनलोड केल्या की नेटशिवाय चालतात. आधी त्यातलं दाखवायचं आणि मग प्लिकर्सवर प्रश्न, ही माझी आवडती जोडी झालीये.

आमच्या मागच्या खिडकीपाशी एक मुलगी बसते, सुरुवातीला तोंडातून शब्द नाही, कधी हात वर नाही. मला वाटायचं तिला गणित येतच नाही. सप्टेंबरअखेर मी रिपोर्ट उघडून बसले तर तिच्या ओळीत जवळजवळ सगळं हिरवं. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, तर म्हणाली, "मॅडम, मला येतं, फक्त बोलायचं भ्या वाटतं." आता ती शेजारणीला समजावते, मोठ्यानं अजून बोलत नाही, पण समजावते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो इंग्रजी सूचनांसाठी आणि पाच प्रश्नांच्या मर्यादेसाठी. अपूर्णांक आणि दशांशाचे माझे मराठीत टाईप केलेले चाळीसेक प्रश्न आहेत, पाचवी-सहावीच्या कोणाला हवे असतील तर खाली सांगा, पाठवते.