धुतलेला कोळसा की पऱ्हाटीच्या ब्रिकेट? दोन्ही जाळून पाहिलेल्याचं मत

सरकीचा सीझन तोंडावर आला की आमच्या अमळनेर-धुळे पट्ट्यात ऑइल मिलवाल्यांचा एकमेकांना फोन ठरलेला: यंदा बॉयलरला काय लावताय? मी दोन सीझन धुतलेला कोळसा जाळला, आता पांढरा कोळसा जाळतो, म्हणजे पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) भुशाला दाबून केलेल्या कांड्या, ब्रिकेट. उष्मांक आणि भाव डीलर तोंडपाठ सांगतीलच, त्यात मी शिरत नाही.

कोळशाची बाजू आधी सांगतो, कारण तो वाईट नाही. रात्री आग दाबून ठेवली तर सकाळी प्रेशर पटकन येतं. फायरमन चहाला जाऊन आला तरी काटा फारसा हलत नाही. ब्रिकेटला मात्र माणूस भट्टीच्या दारापाशीच लागतो. कोळसा पावसात भिजला तरी कोळसाच राहतो. ब्रिकेटमध्ये डिंक-बिंक काही नसतो, काडीतल्याच लिग्निन नावाच्या चिकट घटकावर ती धरलेली असते. एका ताडपत्रीला भोक पडलं आणि माझा दोनेक टन माल कोंड्यासारखा फुलून बसला. पक्की शेड नसेल तर या भानगडीत पडू नये असं मला वाटतं.

धुतलेल्या कोळशाला ‘स्वच्छ’ कोळसा म्हणतात, आता त्या शब्दाविषयी. कोळसा धुणं म्हणजे त्यातला दगड-शेल वेगळा काढणं. देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख, धुतल्यावर ती कमी होते, भट्टीच्या जाळीवर क्लिंकरही (वितळून घट्ट झालेले राखेचे गोळे) कमी धरतात. एवढं खरं. पण काढलेला दगड आणि धुतलेलं काळं पाणी वॉशरीजवळच, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यापाशीच, राहतं, म्हणजे आपली थोडी घाण आपण वणी-चंद्रपूरकडे ठेवून येतो. कार्बनचं तर धुण्याने काहीच होत नाही. खाणीपासून लांबच्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेचा कोळसा वापरायची सक्ती होती, तीही मे २०२० मध्ये सरकारने काढून टाकली.

कोळसा स्वच्छ जाळता येतो म्हणून भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राचं उदाहरण कोणीतरी देतंच. तिथे ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल, म्हणजे खूप जास्त दाबा-तापमानावर चालणारा, संच उभा राहिला, तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो, आणि अशा केंद्रांत धुरातली ९९ टक्क्यांवर राख विजेचा भार दिलेल्या पत्र्यांवर पकडता येते. मान्य. पण आपला बॉयलर दोन टनाचा, म्हणजे तासाला दोन टन वाफ देणारा. आपल्या वाट्याला फार तर धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारा एक सायक्लोन आणि कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा एक बॅग फिल्टर. मोठ्यांचं तंत्र आपल्या हिशोबात धरून चालत नाही.

माझं पारडं फिरलं ते धुरावरून नव्हे, राखेवरून.

दिवसाला तीन टन कोळसा जळायचा. राख मी वजनकाट्यावर मोजली नाही, घमेल्यांनी मोजली: साठच्या आसपास. पहिले काही आठवडे कोणी खड्डा भरायला नेली, कोणी रस्त्याला टाकली. मग मागणी संपली. राखेच्या विटा करणाऱ्याला विचारलं, तर त्याला हवी दीपनगरची पिठासारखी उडती राख. आमची जाळीखालची, खडेवाली, अर्धवट जळालेली. त्याने मुठीत घेतली, चुरडली आणि परत टाकली. लाल विटांच्या भट्टीवाल्याने थोडी नेली, तीही उन्हाळ्यापुरती. रोज संध्याकाळी फायरमनचा एकच प्रश्न, “शेठ, आते राख कोठे टाकानी?” मी बोट दाखवायचो मागच्या कुंपणाकडे. मे अखेर तिथे टेकडी झाली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती टेकडी शेजारच्या नानांच्या मक्यात उतरली. नाना भांडले असते तर बरं झालं असतं. ते आठवडाभर रोज सकाळी बांधावर येऊन, हात मागे बांधून, नुसते उभे राहायचे.

ब्रिकेट जास्त लागते, दिवसाला चार टनांच्या पुढेमागे, पण राख पंधरा-वीस घमेली आणि हलकी. तिच्यात पोटॅश असतं, म्हणून नाना स्वतः बैलगाडी लावून ती नेतात. (तेच पोटॅश बॉयलरच्या ट्यूबांवर चिकटतं. आठवड्याला ब्रश मारावा लागतो, फायरमनच्या शिव्या खाव्या लागतात.) शिवाय ही पऱ्हाटी नाहीतर बांधावर पेटवलीच जाते. तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते म्हणून शेत लवकर मोकळं करा असं कृषी खातंही सांगतं. तिचा कार्बन त्याच हंगामात हवेतून घेतलेला, कोळशाचा कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेला. पर्यावरणाचा हा हिशोब मला नंतर पटला, आधी नानांचा मका दिसला.

धूर दोन्हींना आहे. ओली ब्रिकेट लावली तर कोळशापेक्षा जास्तच, तेव्हा सायक्लोन काढून टाकायचा विचार करू नका.

तुमची मिल गावात असेल, जागा कमी असेल, राख उचलणारा पक्का माणूस असेल, तर धुतलेला कोळसा घेतलात म्हणून मी नाव ठेवणार नाही. फक्त गाडी खाली करण्याआधी डीलरला विचारा, राख परत नेणार का. मी विचारलं तेव्हा तो हसला होता.

माझ्याकडे अजून अर्धा ट्रक कोळसा शेडमागे आहे. श्रावणात ब्रिकेटवाल्याची गाडी चुकते, तेव्हा तो कामी येतो.