पुन्हा तोच रोल घ्यावा का? ठरवण्याआधी काही जोड्या शेजारीशेजारी

"सर, तिसऱ्यांदा खाष्ट जाऊ आलीय. घेऊ का सोडू?"

राज्य नाट्य स्पर्धेतला आमचा प्रयोग संपला होता आणि सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला नेपथ्य टेम्पोत चढत होतं. तेवढ्यात ग्रुपमधल्या एका मुलीनं मला हे विचारलं. शहराच्या पूर्व भागातली मुलगी. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आवाज धारदार, डोळे मोठे. त्या डोळ्यांमुळे पहिल्या मालिकेत निगेटिव्ह रोल मिळाला, तो बघून दुसरा मिळाला आणि आता तिसरा. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका प्रायोगिक नाटकाचंही बोलावणं आलं होतं. भूमिका अगदी वेगळी, पण नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, इतकी किरकोळ की जाण्यायेण्यातच संपावी.

मी तेव्हा "आधी पोटाचं बघ" एवढंच म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, हे काही उत्तर नव्हे. तिच्यासारखी कितीतरी मुलं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघतात आणि सकाळी मुंबईत ऑडिशनच्या रांगेत उभी राहतात. दोन-तीन कामं झाली की प्रत्येकापुढे हाच पेच येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयुष्यभर एकाच छापाच्या भूमिका केल्या म्हणजे नट कमी पडला, हे मला मान्य नाही. साच्या-साच्यांत फार फरक असतो. तुम्हाला मिळालेला साचा हुद्द्याचा आहे की स्वभावाचा, हे मी पहिल्यांदा बघायला सांगेन.

हुद्द्याच्या साच्याचं टोकाचं उदाहरण जगदीश राज. हिंदी सिनेमात १४४ चित्रपटांत त्यांनी पोलीस अधिकारी केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. माणूस मेहनती, शिस्तीचा, कामाला कधी कमी पडला नाही. पण त्यातले किती इन्स्पेक्टर तुम्हाला वेगवेगळे आठवतात? मला वर्दी आठवते, टोपी आठवते. गणवेश लेखकानं आधीच भरलेला असतो. त्याच्या आत माणूस घालायला नटाला जागाही नसते आणि वेळही नसतो.

त्यांच्या शेजारी निळू फुले ठेवा. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून गावातला बेरका, लंपट, सत्तेला चटावलेला माणूस म्हणजे निळूभाऊ हे समीकरण बसलं. साचा त्यांचाही घट्टच होता. गावोगावच्या बायाबापड्या त्यांना खरोखर वाईट माणूस समजायच्या. राष्ट्र सेवा दलात घडलेल्या या सज्जन माणसानं ते आयुष्यभर सोसलं. पण त्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट स्वभावाची होती. सत्तेची भूक हा स्वभाव आहे आणि स्वभावाला तळ नसतो. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील बघा. साखर कारखान्याच्या जोरावर अख्खा तालुका मुठीत ठेवणारा हा माणूस आम्हा सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे कारखान्याच्या निवडणुकीवर गावं दुभंगतात, घरं दुभंगतात. निळूभाऊंनी त्या पाटलाला नुसता दुष्ट ठेवला नाही. तो दिलदार वाटतो, समोरच्या दारुड्या मास्तरवर माया करतो, आणि म्हणून त्याची भीती जास्त वाटते. साचा तोच, आतला माणूस मात्र पुरता नवा.

पुढे १९७९ मध्ये 'सिंहासन'मध्ये हेच निळूभाऊ दिगू टिपणीस हा पत्रकार होतात. ज्या सत्तेचं सोंग ते पडद्यावर वर्षानुवर्षं वठवत आले, तीच सत्ता आता बाहेर उभं राहून बघणारा माणूस. शेवटचं त्यांचं ते वेड लागल्यासारखं हसणं मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो. दोन्ही सिनेमे जब्बार पटेलांचे. जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापुरातली, म्हणजे आपलाच माणूस. 'सामना'त त्यांनी निळूभाऊंचा साचा खोल केला आणि 'सिंहासन'मध्ये त्याच्या बाहेर नेला. नटाला साच्यातून काढायला असा दुसरा कुणीतरी लागतो, ज्याला त्या साच्यापलीकडचं दिसलेलं असतं. एकट्या नटाच्या जिद्दीनं हे होतं यावर माझा विश्वास नाही.

आता खाष्ट बायकांकडे येतो, कारण मुलीचा प्रश्न तोच होता.

शशिकला जवळकर आपल्या सोलापूरच्या, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. लहानपणी याच जिल्ह्यातल्या गावांत त्या नाचल्या, गायल्या. वडिलांचा व्यवसाय बुडाला तेव्हा कुटुंब मुंबईला गेलं. १९४५ च्या 'झीनत'मधल्या कव्वालीत त्या दिसल्या आणि पुढे बरीच वर्षं लहानमोठ्या कामांत गेली. नाव झालं ते खलनायिका म्हणून. 'आरती' आणि 'गुमराह' या लागोपाठच्या दोन सिनेमांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं आणि तिथून दुष्ट बाई म्हटलं की शशिकला. त्यातही १९६६ च्या 'अनुपमा'त हृषीकेश मुखर्जींनी त्यांना हसरी, खळखळती मैत्रीण केलं. तो सिनेमा जरूर बघा. खलनायिकेच्या चेहऱ्यामागे एवढा उजेड दडलेला होता, हे बघून चकित व्हायला होतं. पण असे सिनेमे मोजके. पुढे त्या मदर तेरेसांच्या संस्थेत सेवेला गेल्या, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२१ मध्ये त्या गेल्या.

ललिता पवारांचा साचा अपघातानं आला. १९४२ मध्ये चित्रीकरणात सहकलाकाराची चपराक जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. त्याआधी त्या नायिका होत्या. त्यानंतर त्या डोळ्यानं त्यांना छळणारी सासू करून टाकलं, ती थेट १९८७ च्या 'रामायण' मालिकेतल्या मंथरेपर्यंत. पण 'श्री ४२०'मधली केळेवाली आठवा. 'अनाडी'तल्या मिसेस डीसा आठवा, वरून कडक आणि आतून लोण्यासारख्या. फिल्मफेअर त्यांना मिळालं ते या मिसेस डीसासाठी.

या दोघी शेजारी ठेवल्यावर मला जे दिसतं ते असं. शशिकलांना साच्याबाहेरच्या संधी आल्या त्या तुरळक, आणि खलनायिकेचं यश इतकं मोठं की बाकी सगळं त्याखाली झाकलं गेलं. ललिताबाईंनी कठोरपणाच्याच आत मायेची जागा शोधली. त्यांच्या चांगल्या बाया कजाग सासवांच्या सख्ख्या बहिणी वाटतात. मालिकेतली जाऊ तिसऱ्यांदा करणाऱ्या मुलीला हा दुसरा रस्ता जास्त जवळचा आहे. तिला साचा मोडायची परवानगी कुणी देणार नाही. आत एक खिडकी पाडायला मात्र कुणी अडवत नाही.

विनोदी नटांचं दुखणं वेगळं. लोकांना तुम्ही हवे असता, पण एकाच रूपात. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ एकाच काळातले, एकाच पडद्यावरचे, दोघंही हुकमी हशा घेणारे. 'धुमधडाका'नंतर लक्ष्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. १९९२ मध्ये त्यानं 'एक होता विदूषक' केला. दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल, लेखणी पुलंची. हसवणाऱ्या माणसाच्या आतलं रितेपण लक्ष्यानं असं दाखवलं की आजही गळा दाटतो. त्याच्या नेहमीच्या प्रेक्षकानं मात्र त्या सिनेमाकडे पाठ फिरवली. हसायला आलेल्या माणसाच्या हातात अचानक रडू ठेवलं गेलं.

अशोकमामांनी हा धक्का कधी एकदम दिला नाही. 'पांडू हवालदार'पासून विनोदाची गादी त्यांचीच, पण मधूनमधून 'चौकट राजा'तला गणा, मधूनमधून 'वजीर', अशी वेगळी कामं ते करत राहिले. ती भूमिका कधी दुय्यम, सिनेमा कधी कमी चाललेला. पण लोकांच्या डोळ्यांना हळूहळू सवय होत गेली. लक्ष्यानं घेतलेली उडी मला जास्त प्रिय आहे, हे मान्य करतो. तरी नव्या मुलांना सल्ला देताना मी अशोकमामांचं नाव घेतो. यशाच्या शिखरावर पोचल्यावर एकदाच मोठी उडी मारण्यापेक्षा पहिल्या वर्षापासून थोडं थोडं वळत राहणं अंगाला झेपतं.

आणि ज्यांनी साचाच होऊ दिला नाही ते? अतुल कुलकर्णी सोलापुरातच वाढले, इथल्या नाट्य आराधना संस्थेत काम करत मोठे झाले, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. 'हे राम' आणि 'चांदनी बार' या दोन अगदी वेगळ्या कामांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'नटरंग'साठी त्यांनी आधी पैलवानी शरीर कमावलं आणि मग ते उतरवून नाच्या झाले. गंमत बघा, ती गोष्टही एका साच्याचीच आहे. रांगडा गडी एकदा नाच्या झाला की गाव त्याला दुसरं काही होऊच देत नाही. हा रस्ता मोहक आहे आणि महागही. त्यात दोन कामांच्या मधले रिकामे महिने पेलावे लागतात. ज्याच्या घरी यंत्रमागाच्या कामावर चूल पेटते त्याला ते महिने कोण भरून देणार, हा प्रश्न टाळून मी कुणाला "नेहमी नवंच कर" असं सांगणार नाही.

आपल्या मुलांसाठी आणखी एक साचा असतो, भाषेचा. सोलापूरहून आलो म्हटलं की वॉचमन, कामवाली, गुंडाच्या मागे उभा राहणारा. संवादात "काय बे" टाकलं की भूमिका तयार. त्या "बे"ला हसण्यासाठीच भूमिका लिहिली असेल तर ती सोडा, पैसे कितीही असोत. तीच बोली माणसाची म्हणून येत असेल तर मात्र बिनधास्त घ्या. २०१६ मध्ये अकलूजच्या रिंकू राजगुरूनं 'सैराट'मध्ये आपल्या बोलीत दटावलं आणि ती बोली नायिकेची झाली. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, जेऊरचे. बोली त्यांच्या कानातली होती, म्हणून तिची टिंगल झाली नाही.

स्वतःबद्दल एक सांगतो. आवाज जाड म्हणून मला सव्विसाव्या वर्षी स्पर्धेत पहिला म्हातारा बाप मिळाला आणि पुढची अकरा वर्षं मी बापच करत राहिलो. केसांना पांढरी पावडर, हातात काठी. सातव्या-आठव्या वर्षी लक्षात आलं की तालमीत संहिता उघडायच्या आधीच माझी पाठ वाकते. बाप कोण आहे, शिक्षक आहे की गिरणीतला कामगार, हे वाचायच्या आत शरीर ठरवून मोकळं व्हायचं. साच्याचा खरा धोका मला तिथे कळला. लोक तुम्हाला तसं बघतात हे एक वेळ चालेल. तुम्ही वाचणं बंद करता, ते चालत नाही.

म्हणून त्या मुलीला नंतर फोन करून मी हे सांगितलं. मालिका घे. महिन्याला ठरलेले दिवस मिळतात, पैसे उशिरा का होईना येतात, कॅमेऱ्यासमोर रोज उभं राहायची सवय होते. हे सगळं तुला नाटकातून मिळणार नाही. पण हो म्हणायच्या आधी काम आणणाऱ्या को-ऑर्डिनेटरला विचार, की या जावेचा एकटीचा सीन आहे का? कुणी बघत नसताना ती काय करते, हे लेखकाला माहीत असेल तर भूमिका स्वभावाची आहे. प्रत्येक सीनमध्ये ती फक्त दाराआडून ऐकत असेल आणि भुवई उडवत असेल तर तो हुद्दा आहे. मग ट्रॅक, म्हणजे गोष्टीतला तिचा धागा, किती महिन्यांचा ते विचार आणि तेवढ्यापुरतीच बांधून घे. आणि पुण्याच्या नाटकासाठी तारखा आधीच मागून ठेव, काम सुरू झाल्यावर कुणी देत नाही.

तिनं विचारलं. एकटीचे सीन आहेत म्हणे, दोन. नाटकाच्या प्रयोगांसाठी महिन्याचे चार दिवस तिनं करारात लिहून घेतले. आता रोज रात्री फोनवर ती मला जावेचे संवाद वाचून दाखवते आणि मी तिला थांबवून विचारतो, ही बाई जेवली का आज?