बलेनो आरएस : ९५० किलो वजन आणि घाटात पडणारा फरक

मारुती सुझुकीची बलेनो आरएस, म्हणजे बलेनोची टर्बो इंजिनवाली आवृत्ती, सेकंडहँड घ्यावी का असं विचारणारे अजूनही भेटतात आणि माझं उत्तर हो असंच असतं, फक्त कशासाठी घ्यायची हे आधी डोक्यात क्लिअर पाहिजे. एक्सप्रेसवेवर सरळ पळवायची असेल तर राहू द्या, त्यासाठी दुसऱ्या गाड्या आहेत. ही घ्यायची ती वजनासाठी. कर्ब वेट, म्हणजे माणसं-सामान नसताना गाडीचं वजन, ९५० किलो. टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंची अलॉय, मागे ३३९ लिटरची डिकी, घरच्यांना बसायला ऐसपैस जागा आणि एवढं सगळं हजार किलोच्या आत. आपल्याकडे हॉट हॅच, म्हणजे जोरकस इंजिनाची छोटी हॅचबॅक, म्हणून ज्या काही गाड्या शोरूममधून विकल्या गेल्या त्यात इतकी हलकी दुसरी मला तरी दिसत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मार्च २०१७ मध्ये आली, दिल्ली एक्स-शोरूम ८.६९ लाख, ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं बूस्टरजेट टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन, १०२ पीएस पॉवर, १५० एनएम टॉर्क (ओढण्याची ताकद), ५ गिअरचं मॅन्युअल. सप्टेंबर २०१९ मध्ये किंमत एकदम लाखाने उतरवली तरी फारशा गेल्या नाहीत आणि २०२० च्या सुरुवातीला बीएस ६ या नव्या प्रदूषण नियमांच्या तोंडावर बंदच झाली. बाहेरच्या देशांत हेच इंजिन १११ पीएस आणि १७० एनएमचं होतं, आपल्याकडच्या पेट्रोलचा विचार करून ते खाली आणलं.

आता १०२ पीएस ऐकून बरेच जण नाक मुरडतात. पण भागाकार करून बघा ना, टनाला १०७ पीएस पडतात. साध्या पेट्रोल बलेनोला ८४ पीएस आणि आरएस तिच्यापेक्षा साधारण ६० किलो जड, तरी मधल्या आरपीएमला दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे कारण १५० एनएम १७०० आरपीएमपासूनच मिळायला लागतो. आणि मुळात हलक्या गाडीचा फायदा फक्त पिकअपमध्ये नसतो, खरा फायदा तर ब्रेक मारताना आणि वळताना असतो. कमी वजन थांबवायचं म्हणजे ब्रेक कमी तापतात, वळणात टायरवर कमी लोड येतो, सस्पेन्शन दगडासारखं कडक न करता बॉडी रोल (वळणात गाडीचं झुकणं) आटोक्यात राहतो. पॉवर नंतर वाढवता येते हो, रिमॅप करणारे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून देणारे, गल्लोगल्ली आहेत, पण दोनशे किलो कमी करून देणारा गॅरेजवाला कुठे मिळणार? ते काम ड्रॉइंग बोर्डावरच व्हायला लागतं, आणि सुझुकीने ते केलेलं आहे, म्हणून मला ही गाडी महत्त्वाची वाटते.

पुण्याहून ताम्हिणी घाटाचा रस्ता धरा. चांदणी चौक, पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशीच्या पुढे एकदा वळणं सुरू झाली की सेकंड-थर्ड, सेकंड-थर्ड एवढंच चालू असतं. इथे ही गाडी खुलते. वळणाच्या आधी सरळ असतानाच ब्रेक मारून घ्या, सेकंड टाका, स्टीअरिंग फिरवलं की नाक लगेच आत येतं, कारण पुढे तीन सिलिंडरचं छोटं इंजिन आहे, पुढच्या टायरवर डिझेल बलेनोसारखा बोजा नाही. वळणात जास्त स्पीडने घुसलात तर पुढचे टायर आधी घसरतात, गाडी बाहेरच्या बाजूला सरकायला लागते, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरना परत ग्रिप मिळते आणि लाइन आत वळते. हे सगळं इतक्या निवांत, कळेल अशा पद्धतीने होतं की नवीन माणूस यावर फ्रंट व्हील ड्राइव्ह चालवणं खरंच शिकू शकतो. पण हे मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर आणि पुढचं दिसत असेल तरच. श्रावणात तिथे धबधब्याला आलेल्या लोकांची गर्दी, रस्त्यात मक्याची कणसं, बाईकवाले, तेव्हा तिसऱ्यात निमूट जायचं.

आणि तिथेच हिची सगळ्यात मोठी उणीवही कळते. एकदम आवळलेलं चढणीचं वळण घ्या, वजन बाहेरच्या चाकांवर गेलंय, आतलं पुढचं चाक हलकं झालंय, आणि तुम्ही सेकंडमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला. टर्बो भरला की ते आतलं चाक फिरायलाच लागतं, टायर ओरडतो, आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळते. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) ओपन आहे, म्हणजे जिथे ग्रिप नाही तिथूनच ताकद वाया जाते, आणि ट्रॅक्शन कंट्रोल किंवा ईएसपी (चाक फिरू लागलं किंवा गाडी घसरू लागली की आपोआप सावरणाऱ्या यंत्रणा) या गाडीला दिलेलंच नाही. पावसात तर हे फार जाणवतं. उपाय एवढाच की स्टीअरिंग सरळ होत येईल तसा पाय दाबत जायचा. सवय होते, पण परफॉर्मन्स म्हणून विकायच्या गाडीत किमान ईएसपी तरी द्यायलाच हवं होतं. होंडाने १९९७ मध्ये सिव्हिकच्या पहिल्या टाइप आरला मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक नुसतं फिरू न देणारं, दिलं होतं, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्हचं हे दुखणं आणि त्याचं औषध दोन्ही कधीचं माहीत आहे.

स्टीअरिंग हलकं आहे, सिटीत भारी, घाटात मुकं. टायर काय करतायत ते हाताला कमी आणि बुडाला जास्त कळतं. गिअर शिफ्ट हलकी, नेमकी, त्याबद्दल तक्रार नाही, पण पाचच गिअर आणि रेशो मायलेजच्या हिशोबाने लांब ठेवलेले, म्हणजे इंजिन कमी फिरतं पण पिकअप मंदावतो. एआरएआय या चाचणी संस्थेचा मायलेजचा आकडा लिटरला २१.१ किमी आहे तो असाच आला असणार. या बाबतीत टाटाच्या टिआगो जेटीपीचं कौतुक केलं पाहिजे, २०१८ ची गाडी, ११४ पीएस, ६.३९ लाख, त्यांनी गिअर रेशो मुद्दाम छोटे करून घेतले होते, त्यामुळे आकडे बाजूला ठेवा, पाय टाकल्यावर गाडी कशी झेपावते ते बघा. आरएसला तेवढं एक मिळालं असतं तरी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असतं असं मला मनापासून वाटतं.

पूर्ण केलेलं काम कसं दिसतं ते बघायचं तर सुझुकीचीच स्विफ्ट स्पोर्ट आहे, २०१७ ची, जपानमध्ये मॅन्युअल ९७० किलो, १.४ लिटर टर्बो, १४० पीएस, २३० एनएम, ६ गिअर. टनाला १४४ पीएस. म्हणजे आपल्या आरएसपेक्षा जेमतेम २० किलो जास्त! ती इथे का आली नाही असं दरवेळी कोणीतरी हळहळतं, तर त्यात आपल्या टॅक्सचा मोठा हात आहे. ४ मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसीच्या आत इंजिन, तरच छोट्या गाडीचा टॅक्स. सप्टेंबर २०२५ पासून त्यांना १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या बाहेर गेलं की थेट ४० टक्के. १.४ लिटर म्हणजे बाहेरच. आरएस ३९९५ मिलिमीटर लांब आणि ९९८ सीसी, नियमात बरोब्बर बसणारी. म्हणून इथे परवडणारी हॉट हॅच बनवायची तर रस्ता हाच : छोटं टर्बो, कमी वजन, आणि वाचलेले पैसे डिफरन्शियल, डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर), टायरवर घाला. सनरूफ नको, मोठा टचस्क्रीन नको, १८ इंची चाकं तर अजिबात नकोत. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय ८१० किलो आणि ११० पीएसची होती, आज आपल्याकडे इम्पोर्ट होऊन आलेली जीटीआय २६५ पीएसची आहे, पण १४०० किलोच्या वर आणि ५० लाखांच्या पुढे. गाडी जबरदस्त आहे यात वाद नाही, पण पहिलीची गंमत होती ती कोणालाही परवडेल अशा हलक्या हॅचबॅकमध्ये.

वजनाच्या बाबतीत एक गोष्ट लपवून चालणार नाही. हलकी म्हणजे असुरक्षित असं सरसकट नसतं, पण या पिढीच्या बलेनोला युरो एनकॅप या क्रॅश टेस्टमध्ये २०१६ साली स्टँडर्डला ३ आणि सेफ्टी पॅकवालीला ४ स्टार मिळाले, आणि २०२१ मध्ये लॅटिन एनकॅपमध्ये दोन एअरबॅगवाल्या बलेनोला शून्य. आरएसलाही दोनच एअरबॅग. ज्याला रोज लहान मुलांना घेऊन हायवेने जायचंय त्याने हे वाचून मगच ठरवावं.

घ्यायचीच असेल तर आधी आरसी हातात घ्या आणि सीसी बघा. ९९८ पाहिजे. ११९७ दिसलं तर ती साधी बलेनो आहे, बाहेरून बॅज आणि किट चिकटवणं कोणालाही जमतं. मागच्या चाकाच्या आत डोकावून डिस्क आहे का तेही बघा. टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबून न्या, ओढ सलग वाढली पाहिजे, मध्ये अडखळली किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर टर्बोचे पाइप आणि क्लॅम्प तपासून घ्या. डायरेक्ट इंजेक्शन असल्याने इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, सिटीतच फिरलेल्या गाडीत जास्त, त्यामुळे सकाळी थंड इंजिन स्टार्ट करूनच ऐका, दुपारी गरम झालेलं नको. बूस्टरजेट २०२३ पासून फ्रॉन्क्समध्ये परत आलंय, त्यामुळे हे इंजिन बघितलेला मेकॅनिक मिळणं आता तेवढं अवघड नाही.

घेतल्यावर पहिला खर्च टायरचा करा. साइज तीच ठेवा, १९५/५५ आर१६, फक्त चांगल्या ग्रिपचे घ्या आणि हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणेच. दुसरा खर्च ब्रेक पॅड आणि ताज्या ब्रेक फ्लुइडचा. मग पाहिजे तर रिमॅप, तोही बाहेरच्या देशांतल्या १११ पीएसच्या आसपास ठेवा, कारण त्याच्या पुढे गेलात की ते आतलं चाक अजूनच फिरणार, आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वांधे होतात.